लिहून देणार, लिहून घेणार

उपनगरातल्या एजंटाला झोपेतून उठवलं तरी तीन वाक्यं तो न अडखळता म्हणतो. 'स्टेशन पाच मिनिटांवर', 'पाणी चोवीस तास' आणि 'टायटल एकदम क्लिअर, साहेब'. पहिल्या दोन्हींची शहानिशा होऊ शकते. स्टेशन खरोखरच पाच मिनिटांवर असतं, फक्त रिक्षा पहाटे साडेतीनला पकडावी लागते. पाणीही चोवीस तास असतं, पण ते टाकीत. तिसऱ्या वाक्याचं मात्र काय करायचं हे कुणालाच कळत नाही. 'क्लिअर म्हणजे नेमकं काय हो?' असं विचारायला माणूस लाजतो. दीड कोटी रुपये द्यायला निघालेल्या माणसाला एवढंही कळत नाही, असं एजंटला वाटेल, ही भीती. मग आपण समजल्यासारखी मान हलवतो, आणि एजंटलाही तेवढंच हवं असतं.

आमचे साडू नाना यांनी मुलुंडला जुना फ्लॅट घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला सोबत घेतलं. मी बँकेतून निवृत्त झालेला असल्यामुळे मला कागद कळतात, असा सासुरवाडीत समज आहे. मी बँकेत रोकड मोजायचो, हे आता सांगून उपयोग नव्हता. नानांच्या हातात एजंटने झेरॉक्सचा गठ्ठा ठेवला होता आणि नाना तो दोन्ही हातांनी छातीशी धरून उभे होते.

"अहो, जरा नजर टाका. तुम्हाला कळतं त्यातलं."

नजर टाकली. पहिला धक्का पत्त्याचाच. बिल्डिंगच्या खाली सलून, केक शॉप, दोन बँका आणि दातांचा दवाखाना. पण दस्तात मजकूर असा की 'मौजे नाहूर, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर, सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक'. अंधेरीला बाराव्या मजल्यावर ए.सी. लावून बसलेला माणूस कागदावर मौजे आंबिवलीचा ग्रामस्थ असतो. घाटकोपरचा किरोळचा, बोरिवलीचा एक्सरचा नाहीतर मागाठाण्याचा. आणि कागद खोटं बोलत नाही. दहिसर-मुलुंडपर्यंतचा पट्टा मुंबई महापालिकेत आला तो १९५७ साली. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला तो १९९० साली, अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके घेऊन. त्याआधी इथे भातखाचरं होती, मिठागरं होती, वाड्या होत्या, आणि इंग्रजांनी बहाल केलेल्या मोठमोठ्या इस्टेटी होत्या. साष्टीतल्या या इस्टेटींची महसूलमाफी १९५१ च्या कायद्याने गेली. पुढे भात गेलं, मीठ आटलं, वाड्यांवर टॉवर उभे राहिले. सर्व्हे नंबर मात्र जागेवरून हलला नाही.

त्याखाली चतुःसीमा. पूर्वेस नाला, पश्चिमेस लागू जमीन, उत्तरेस कुणा पाटलांची भातशेती, दक्षिणेस रस्ता. मी आणि नाना गच्चीवर जाऊन चारी दिशांना पाहून आलो. नाला तेवढा ओळखू आला, वासावरून.

आता टायटल सर्च. याबद्दल माझी अशी कल्पना होती की वकीलसाहेब काळा कोट घालून कुठल्यातरी मोठ्या ग्रंथालयात जातात आणि भिंग लावून पूर्वजांचा शोध घेतात. प्रत्यक्षात वकीलसाहेब एका सर्च क्लार्कला पाठवतात. हा गृहस्थ सरकारी फी भरून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बसतो आणि मागच्या तीस वर्षांच्या 'इंडेक्स टू'च्या, म्हणजे सूची क्रमांक दोनच्या नोंदी चाळतो. कुणी कुणाला काय विकलं, गहाण टाकलं, बक्षीस दिलं, ते तिथे कळतं. कळावं, अशी अपेक्षा असते. नानांच्या फ्लॅटचा सर्च रिपोर्ट माझ्यापुढे आला तो साधारण असा: १९९४, काही नाही. १९९५, काही नाही. १९९६, पाने फाटलेली. १९९७, अंशतः फाटलेली. १९९८, पुस्तक बाइंडिंगला गेलेले.

सर्च क्लार्क भेटला तेव्हा मी विचारलं, "हे अठ्ठ्याण्णवचं पुस्तक बाइंडिंगहून कधी येणार?"

"काका," तो म्हणाला, "मी या धंद्यात आलो तेव्हाच ते गेलेलं होतं."

या फाटक्या पानांवर वकीलसाहेबांचं घट्ट इंग्रजी उभं राहतं. अहवालाच्या शेवटी ते लिहितात की उपलब्ध नोंदींवरून, आणि फाटलेल्या पानांना अधीन राहून, टायटल क्लिअर अँड मार्केटेबल आहे. 'अधीन राहून' हे शब्द मी तीनदा वाचले. फाटलेल्या पानात काहीच नसेल तर उत्तम. काही असेल, तर ते पान फाटलेलं आहे.

नानांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "पण एकदा का सरकारदरबारी रजिस्ट्रेशन झालं की मग चिंता नाही." तेव्हा वकीलसाहेब अशा काही प्रेमळपणे हसले की मी गप्प बसलो. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली सरकार नोंदवतं तो दस्त. मालकी नाही. अमुक माणसाने तमुक तारखेला तमक्याला अमुक जागा विकल्याचं लिहून दिलं, एवढीच ती नोंद. ती जागा विकण्याचा अधिकार त्याला होता का, हे निबंधकाने ठरवायचं नसतं. तामिळनाडूने असा एक नियम केला होता की विकणाऱ्याने आधीचा मूळ दस्त आणून दाखवावा, नाहीतर नोंदणी नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियमच रद्द केला. टायटल तपासणं हे निबंधकाचं काम नव्हे, म्हणून. म्हणजे आपण ज्या कार्यालयाला घराचा देव्हारा समजतो, ते कार्यालय फक्त 'असं हे दोघे म्हणतात' एवढं लिहून घेतं.

सगळीकडे असंच असतं असं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स नावाच्या गृहस्थाने १८५८ साली अशी पद्धत आणली की सरकारी वहीत ज्याचं नाव तो मालक, आणि वही चुकली तर भरपाई सरकारकडून. नानांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिकडे टायटलचा विमा काढतात. पैसे तिसऱ्याच्या, एस्क्रोच्या खात्यात जातात, आणि एका दुपारी टेबलापाशी बसून सह्या केल्या की व्यवहार पुरा. तिने फोनवर विचारलं, "बाबा, क्लोजिंगची डेट काय?" नाना म्हणाले, "क्लोजिंग नाही गं बाळ, अजून नाहरकतच बाकी आहे." आपल्याकडेही रेरा कायद्याच्या सोळाव्या कलमात टायटलच्या विम्याची सोय लिहून ठेवली आहे, पण तीही 'सरकार अधिसूचित करील त्याप्रमाणे'. सरकारच्या या क्रियापदाला काळ नसतो.

मग राहते ती चेन. हा शब्द एजंट फार आदराने उच्चारतो. "साहेब, चेन पूर्ण आहे." बिल्डरने पहिल्याला दिलं, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, असे सगळे करारनामे ओळीने लागले पाहिजेत. नानांच्या चेनीतली पहिली कडी १९७९ ची होती, पाच रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेली. त्या काळी फ्लॅटच्या करारनाम्याला एवढा कागद पुरत असे. १० डिसेंबर १९८५ पासून मुद्रांक कायदा बदलला, ताबा देणाऱ्या करारनाम्यावर खरेदीखतासारखंच शुल्क बसलं, आणि लोकांची खरी हुशारी तिथून पुढे सुरू झाली. शुल्क कमी भरलेले इतके दस्त कपाटांत निघाले की सरकारला वेळोवेळी अभय द्यावं लागतं. २०२३ च्या डिसेंबरात आलेली अभय योजना तर १९८० ते २०२० असा चाळीस वर्षांचा पसारा आवरायला निघाली होती.

नानांच्या चेनीची दुसरी कडी वारली होती. गृहस्थ गेले, नॉमिनी म्हणून त्यांच्या पत्नीचं नाव सोसायटीत होतं, आणि सोसायटीने ते दाखल्यावर चढवलं. इथे उपनगरातले निम्मे लोक समजतात की नॉमिनी म्हणजे मालक. नॉमिनी मालक नसतो. तो वारसांसाठी सांभाळणारा. सहकार कायद्याला २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने तर त्याला तात्पुरता सभासद करून टाकलं आहे. मालकी जायची ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने. मग त्या बाईंच्या दोन मुलांचं आणि लग्न होऊन बडोद्याला गेलेल्या मुलीचं हक्कसोडपत्र लागलं. मुलीने ते केलं होतं, रजिस्टरही केलं होतं. वकीलसाहेबांनी तो कागद पाहिला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. उपनगरात भावंडांचं पटलं, असा पुरावा त्यांच्या फायलीत क्वचितच येत असावा.

एवढं सगळं करून हातात मालकीची म्हणून जी वस्तू पडते ती म्हणजे शेअर सर्टिफिकेट. जुन्या सोसायट्यांत ते पन्नास रुपयांचे पाच शेअर्स असतं. एकूण दोनशे पन्नास. दीड कोटी मोजणाऱ्या नानांना त्या गुलाबी कागदावर 'रुपये दोनशे पन्नास फक्त' हे वाचून गुदगुल्या झाल्या. त्यांच्या बायकोला, म्हणजे ताईंना, झाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "एवढ्यात तर घाटकोपरला धड साडीपिन मिळत नाही." सर्टिफिकेटच्या पाठीमागे आधीच्या मालकांची नावं, तारखा आणि तीन-तीन सह्या. सही कुणाची ते ओळखू येत नाही. पण सेक्रेटरीची सही सगळ्यांत लांब असते, हे प्रत्येक काळात खरं दिसलं.

त्या सेक्रेटरींच्या नाहरकतीसाठी नाना त्यांच्या दारात उभे राहिले, तेव्हा मी बरोबर होतो. दीड कोटी घेणारा विक्रेता एवढा ताठ नव्हता. सरकारच्या २००१ च्या परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य पंचवीस हजारांहून जास्त घेता येत नाही. सेक्रेटरींना तो आकडा तोंडपाठ होता. "नियमाप्रमाणे पंचवीस हजारच," ते म्हणाले, "बाकी बिल्डिंगच्या रंगकामाला कुणी स्वखुशीने देणगी देत असेल तर समिती नाही म्हणत नाही." नाना माझ्याकडे बघायला लागले. स्वखुशी कधीपर्यंत व्हायला हवी, हे सेक्रेटरींनी सांगून ठेवलं. गुरुवारपर्यंत.

कागद जमले की जाहीर सूचना. हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या माणसांच्या शेजारी, मुंगीच्या अक्षरात 'तमाम जनतेस कळविण्यात येते' की अमुक सदनिका माझे अशील विकत घेत आहेत; कुणाचा वारसा, गहाण, दान, भाडेपट्टा, बोजा वा अन्य कोणताही हक्क असल्यास चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, नपेक्षा तो सोडून दिल्याचे समजले जाईल. सूचना वाचली जावी म्हणून छापायची आणि सहसा वाचली जाऊ नये म्हणून अंक निवडायचा, अशी ही कसरत. तरी उपनगरात एकेक निवृत्त गृहस्थ असा असतोच की तो रोज हेच पान आधी वाचतो. त्याचा कुठेही काही हक्क नसतो. पण कुणाचं काय विकलं जातंय ते त्याला कळतं, आणि संध्याकाळी बागेत सगळ्यांना.

तमाम जनतेला चौदा दिवस. सरकारला किती? याचं उत्तर मुलुंडमध्येच मिळालेलं आहे, आणि उपनगरात 'क्लिअर टायटल' असं कुणी म्हटलं की मला पहिल्यांदा तेच आठवतं.

१९५० च्या दशकात वनखात्याने भारतीय वन कायद्याच्या पस्तिसाव्या कलमाखाली मुंबईच्या आसपासच्या खासगी जमीनमालकांना नोटिसा काढल्या, की तुमची जमीन जंगल म्हणून का धरू नये. पुढे कुणी काही केलं नाही. नोटिसा झोपल्या. १९७५ साली महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायदा आला. त्यात एक बारीकशी व्याख्या अशी, की जिच्याबाबत अशी नोटीस निघाली होती ती जमीन म्हणजे खासगी वन, आणि खासगी वन सरकारजमा. तरीही सगळे झोपलेलेच. याच काळात त्याच जमिनींवर सरकारने बांधकामाच्या परवानग्या दिल्या, महापालिकेने नकाशे मंजूर केले, भोगवटा प्रमाणपत्रं दिली, मुद्रांक शुल्क घेतलं, मालमत्ता कर घेतला. लोकांनी सर्च केले, बँकांनी कर्जं दिली, वास्तुशांती झाल्या, मुलांच्या मुंजी झाल्या, मुलं अमेरिकेला गेली.

आणि २००६ च्या सुमाराला महसुली दप्तरात नोंदी फिरल्या. मुलुंड, नाहूर, विक्रोळीपासून कांदिवली, बोरिवलीपर्यंत हजारो कुटुंबांना समजलं की आपण जंगलात राहतो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसह. फ्लॅट विकता येईना, पुनर्विकासाला हात लावता येईना. २००८ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. मुलुंडच्या बागेतल्या कट्ट्यावर त्या दिवसांत म्हणे एकमेकांना 'काय वनवासी?' अशी हाक मारायची पद्धत पडली होती. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे अधूनमधून बिबट्या सोसायटीत यायचाच. आता तो आला की वॉचमन त्याला हटकायला कचरू लागला असेल. कायद्याने तोच तिथला खरा रहिवासी ठरत होता.

शेवटी ३० जानेवारी २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. नुसती नोटीस काढून भागत नाही, ती बजावायला हवी आणि ती तडीस न्यायची हालचाल जिवंत असायला हवी. अर्धं शतक गाढ झोपून मग जागं होता येत नाही, असा त्याचा सारांश. खरेदी करणाऱ्याने पन्नास वर्षांपूर्वीची ती नोटीस हुडकून काढायला हवी होती, हे म्हणणंही न्यायालयाला पटलं नाही. तेव्हा मुलुंडकर पुन्हा माणसांत आले. पण लक्षात घ्या, या सगळ्यांची कागदपत्रं चोख होती. चेन पूर्ण होती. सर्च झाले होते. यांच्या वकिलांनीही 'क्लिअर अँड मार्केटेबल' लिहून दिलं होतं, आणि ते चुकलेही नव्हते. टायटल क्लिअर म्हणजे आजपर्यंत कुणी भांडायला आलेलं नाही, यापलीकडे त्या शब्दांत काही नाही.

नानांची बिल्डिंग त्या भानगडीत नव्हती, याची खातरजमा आम्ही प्रॉपर्टी कार्ड मागवून केली. मालमत्ता पत्रकावर वन हा शब्द नव्हता. नानांना इतका आनंद झाला की जमिनीचा मालक म्हणून तिथे भलत्याच माणसाचं नाव आहे, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्यावर पुढे येतो.

एजंटने मधेच आणखी एक कागद पुढे केला होता. पार्किंगचे वेगळे सहा लाख, विक्रेत्याने बिल्डरकडून 'घेतलेलं' स्टिल्ट पार्किंग. याची हकीकत दहिसरपाशी आहे. तिथल्या एका सोसायटीने, पांचाली नावाच्या, बिल्डरशी याच मुद्द्यावर भांडण केलं आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की इमारतीखालची खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे. ती स्वतंत्र विकायची वस्तूच नाही, ती सगळ्यांची. हे मी एजंटला ऐकवलं. तो म्हणाला, "साहेब, कायद्याने बरोबर आहे, पण गाडी तिथेच लागते ना?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा लाखांचे चार झाले आणि कागदावरचा शब्द 'फर्निचर' झाला. पार्किंगमध्ये खुर्चीसुद्धा नाही. वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि तो कागद आपल्या नजरेस पडलाच नाही, असं जाहीर केलं.

अखेर नोंदणीचा दिवस. त्याआधी शुल्काचा हिशोब: मुंबईत घरखरेदीवर मेट्रोचा एक टक्का धरून सहा टक्के, म्हणजे दीड कोटीवर नऊ लाख. नोंदणी फी एक टक्का, पण तीस हजारांवर जात नाही. सरकारने स्वतःच्या हाताला लावलेला हा एकमेव लगाम. पन्नास लाख किंवा त्याहून मोठा व्यवहार असल्यामुळे विक्रेत्याच्या पैशातून एक टक्का टीडीएस कापून भरायचा, नाहीतर प्राप्तिकर खातं खरेदीदाराचीच मान धरतं. आणि घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे दीड लाख. 'फक्त' महत्त्वाचं. नवऱ्याचं नाव शेजारी बसवलं की सवलत गेली. नानांनी रात्रभर विचार केला. चाळीस वर्षं ज्या माणसाने ताईंना बँकेचं पासबुक दाखवलं नाही, तो दीड लाखासाठी सकाळी म्हणाला, "तिच्या एकटीच्या नावावर करू." ताई पोळी उलटता उलटता म्हणाल्या, "करा. मग भाडं काय द्याल?"

दुय्यम निबंधकांचं कार्यालय बहुधा एखाद्या इमारतीच्या अशा मजल्यावर असतं जिथली लिफ्ट बंद असते. टोकन घेऊन बसायचं. दस्ताच्या प्रत्येक पानावर शिक्का पडतो. अंधेरीकडे 'बदर', बोरिवलीकडे 'बरल', आमच्या बाजूला 'करल', पुढे दस्ताचा नंबर आणि पानाचा. चौऱ्याण्णव पानांचा करारनामा. त्यात विक्रेता म्हणजे 'लिहून देणार' आणि ताई म्हणजे 'लिहून घेणार'. दोघांनीही त्यातलं एक अक्षर लिहिलेलं नव्हतं, आणि वाचलं होतं की नाही याचीही मला शंका आहे. तेवढ्यात खिडकीतून प्रश्न आला, "ओळख देणारे कोण?" हे दोन साक्षीदार असे हवेत, की जे दस्त करून देणाऱ्यांना व्यक्तिशः ओळखतात आणि त्यांची ओळख पटवतात. एजंटने जिन्यात उभी असलेली दोन मुलं बोलावली. एकाच्या हातात वडापाव होता. तो त्याने दुसऱ्या हातात घेतला, सही केली आणि बाहेर जाताना मला विचारलं, "काका, यातली पार्टी कोण?"

मग फोटो. कॅमेरा छोटा, प्रकाश वरून. त्यात कुणीही माणूस नुकताच पकडल्यासारखा दिसतो. मग अंगठा. इथे विक्रेत्याचे सत्तरी उलटलेले वडील अडले. सहमालक म्हणून त्यांचीही गरज होती आणि यंत्र त्यांचा अंगठा घेईना. आयुष्यभर कंपोझिटर होते, अक्षरं जुळवून जुळवून बोटाच्या रेषा गेलेल्या. ऑपरेटर मुलगी म्हणाली, "आजोबा, अंगठा डोक्याला पुसा, तेल लागू दे." डोक्यावर केस नव्हते. त्यांनी निमूट अंगठा टकलावर फिरवला, यंत्रावर दाबला आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला. सगळ्या खोलीने श्वास सोडला. मागच्या रांगेतला एकजण चक्क टाळ्या वाजवायला लागला.

त्यानंतर बँकेचा डिमांड ड्राफ्ट, ताब्याची पावती, किल्ल्यांचा जुडगा, ज्यातली एकही किल्ली कुठल्या कुलपाची ते विक्रेत्याला आठवेना, आणि विजेच्या बिलावर नाव बदलायचा अर्ज. न्यू जर्सीहून फोन आला. "झालं ना क्लोजिंग?" नाना म्हणाले, "झालं." मी काही बोललो नाही. पेढे खात होतो.

कारण प्रॉपर्टी कार्डाचं राहिलंच होतं. फ्लॅट ताईंचा. सोसायटी सगळ्यांची. पण ज्या जमिनीवर ती बिल्डिंग १९७९ पासून उभी आहे, ती जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर आहे. बिल्डरने ती सोसायटीच्या नावे करून दिलेली नाही. खरं तर १९६३ च्या फ्लॅटमालकीच्या, म्हणजे मोफा कायद्याने आणि त्याच्या नियमांनी हे काम सोसायटी नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत व्हायला हवं. उपनगरात या चार महिन्यांची चाळीस-चाळीस वर्षं झालेल्या सोसायट्या ढिगाने आहेत. बिल्डर परागंदा, त्याची फर्म मोडलेली, मूळ मालकाचे वारस तीन खंडांत. म्हणून २००८ साली कायद्यात दुरुस्ती करून सरकारने मार्ग काढला. बिल्डर येत नसेल तर सोसायटीने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, आणि त्यांनी जमीन सोसायटीच्या नावे झाली असं मानून तसा दाखला द्यावा. या तोडग्याचं सरकारी नाव 'मानीव अभिहस्तांतरण'. हे एका दमात म्हणता येणारा सेक्रेटरी मला अजून भेटलेला नाही. म्हणून सगळे 'डीम्ड' म्हणतात आणि 'डीम्डचं बघू' असं म्हणून पुढच्या वर्षावर टाकतात.

पुनर्विकासाचा बिल्डर दारात आला की तो पहिला प्रश्न हाच विचारतो. तेव्हा त्याच्याआधी तुम्ही विचारा. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तीत गच्चीवरच्या गळतीवर एक तास आणि कुत्र्यांवर पाऊण तास बोलून झाल्यावर, वेफर्सच्या बश्या फिरायला लागण्याआधी हात वर करा आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते प्रॉपर्टी कार्डासह सभेपुढे ठेवायला सांगा. ताईंनी यंदा सांगितलं. घर त्यांच्या एकटीच्या नावावर असल्यामुळे नानांना सभेत मत नव्हतं. ठराव मंजूर झाला आहे, आणि वकिलाच्या फीसाठी प्रत्येकी किती वर्गणी काढायची यावर चर्चा अजून चालू आहे.